खारी वाळू, बारीक चेन आणि दोन कॉइल

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा सगळे हसले होते. "आता हॉस्टेलमागे खजिना शोधा," वगैरे. आमचा हेतू साधा होता. सर्किट नेटवर मिळत होतं, पार्ट्स लॅमिंग्टन रोडला मिळत होते आणि व्हायव्हाला बीप करून दाखवता येणार होतं. बीप झाला, मार्क मिळाले आणि डिटेक्टर कॉटखाली गेला. तो बाहेर निघाला मामाच्या फोनमुळे.

मामाचं घर मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारी. वहिनी छोट्याला कडेवर घेऊन लाटांत उभ्या होत्या. त्याने गळ्यातली चेन ओढली, ती तुटली आणि पाण्यात गेली. चेन होती साडेचार ग्रॅमची, पण माहेरची. वहिनींच्या आईने स्वतःची मोडून केलेली. मामा फोनवर म्हणाला, "काय रे, तुमचं ते यंत्र नुसतं सबमिशनपुरतं आहे, की त्याने काही सापडतं पण?" आता यावर काय बोलणार? त्याच रात्री एसटी पकडली. कंडक्टरने कॉइलकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी डिश अँटेना सांगून मोकळा झालो.

पुढे जे झालं त्यावरून मला कॉइल निवडणं म्हणजे काय ते कळलं. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आधी थोडं बेसिक. आमचा डिटेक्टर पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय प्रकारचा. कॉइलमध्ये करंट सोडायचा आणि मॉसफेटने एकदम तोडायचा. चुंबकीय क्षेत्र कोसळताना आसपासच्या प्रत्येक धातूत एडी करंट फिरू लागतात आणि हळूहळू विझतात. ते विझत असताना थोडं थांबून आपण त्याच कॉइलवर ऐकायचं. हे थांबणं म्हणजे डिले. वस्तू जाड असेल तर करंट बराच वेळ फिरतो, बारीक असेल तर लगेच संपतो. दुसरा प्रकार व्हीएलएफ. त्यात काही किलोहर्ट्झची लहर सतत चालू असते आणि पाठवायची व ऐकायची कॉइल वेगळी असते. दुकानात मिळणारी बहुतेक यंत्रं या दुसऱ्या प्रकारची.

मी नेली होती ३० सेंटिमीटर व्यासाची कॉइल. मोठी कॉइल म्हणजे जास्त खोल, हे आम्ही रिपोर्टमध्येही लिहिलं होतं. सुरूच्या झाडांखाली कोरड्या वाळूत ती छान चालली, मामीची अंगठी वीतभर खालून ओळखली. मग ओल्या वाळूवर गेलो आणि यंत्र बोंबलायला लागलं. कॉइल जरा खाली गेली की बीप, लाट आली की बीप. मामाचे शेजारी बघायला जमले होते, त्यांना वाटलं किनाराभर सोनंच आहे!

कारण मीठ. समुद्राच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मीटरला साधारण ५ सीमेन्स. सोन्याची ४ कोटींच्या वर. म्हणजे पाणी तसं अगदीच दरिद्री कंडक्टर. पण चेन साडेचार ग्रॅम आणि कॉइलखालची खारी वाळू काही टन! प्रत्येक घनसेंटिमीटर थोडं थोडं बोलतो आणि सगळ्यांचा मिळून गोंगाट होतो. गोंगाट एकसारखा असता तर तो शून्यावर लावून टाकता आला असता. पण हात वरखाली होतो, लाट येते-जाते, आणि त्याबरोबर गोंगाटही बदलतो.

मी तेव्हा सोपा उपाय केला. डिले १० मायक्रोसेकंद होता, पॉट फिरवून १५ केला. एकदम शांतता. मी खूश. मग दोन ओहोट्या, सकाळची आणि संध्याकाळची, वहिनींनी दाखवलेल्या जागेवर ओळीने पट्टे मारले. बाटल्यांची बुचं, एक फिशिंगचं शिसं, चार नाणी मिळाली. चेन नाही. कॉलेज बुडत होतं म्हणून परत आलो.

हॉस्टेलवर आल्यावर मात्र चैन पडेना. गच्चीवर कागद घेऊन बसलो आणि जे प्रोजेक्टच्या आधी करायला हवं होतं ते गणित तेव्हा केलं. (सर हा लेख वाचत असतील तर क्षमस्व.)

पहिलं गणित आकाराचं. कॉइलच्या अक्षावरचं क्षेत्र आपण फर्स्ट इयरला शिकतो: त्रिज्येचा वर्ग वर, आणि खाली त्रिज्या-वर्ग अधिक खोली-वर्ग यांचा दीड घात. करंट आणि वेढे तेवढेच ठेवले तर एका ठरावीक खोलीसाठी उत्तम त्रिज्या निघते खोलीच्या १.४१ पट. म्हणजे १५ सेंटिमीटर खोल अंगठीसाठी ४२ सेंटिमीटर व्यासाची परात घ्यावी लागेल! पुस्तकाप्रमाणे आमची ३० ची कॉइल उलट लहानच ठरत होती.

पण पुस्तकातल्या त्या सूत्रात समुद्र नाही. म्हणून २० आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या कॉइल समोरासमोर ठेवल्या. वस्तू २० सेंटिमीटर खोल असेल, तर जाताना आणि येताना असा दोन्ही वेळचा हिशेब धरून मोठ्या कॉइलचा सिग्नल लहानीच्या सुमारे २.६ पट येतो. वस्तू ५ सेंटिमीटरवर असेल तर मोठीचा सिग्नल लहानीच्या जेमतेम ६३ टक्के. आता मिठाचा गोंगाट. पीआयमध्ये तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. दीडपट त्रिज्या म्हणजे पाचपट गोंगाट. सिग्नल अडीचपट आणि गोंगाट पाचपट, म्हणजे मोठी कॉइल घेऊन तोटाच. खोली कितीही वाढवा, मोठीचा सिग्नल जास्तीत जास्त त्या पाचपटीपर्यंत पोचतो, पुढे जात नाही. थोडक्यात, कोरड्या वाळूवर अडचण असते अँप्लिफायरच्या नॉइजची, तिथे मोठी कॉइल जिंकते. ओल्या वाळूवर अडचण मिठाची, तिथे लहान कॉइल कधीच हरत नाही. आमच्या रिपोर्टमधलं वाक्य चूक नव्हतं, फक्त ते सुरूच्या झाडांखालचं होतं.

लहान कॉइलचा एक तोटा आहे आणि तो खरा आहे. पट्टा अरुंद होतो. ३० ऐवजी २० सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे तेवढ्याच जागेला दीडपट फेऱ्या, आणि भरती काही आपल्यासाठी थांबत नाही. जागा नक्की माहीत नसेल तर मोठी कॉइल वाळूपासून थोडी उचलून फिरवणारे लोकही चूक करत नाहीत.

दुसरं गणित डिलेचं. हे केल्यावर मात्र पोटात गोळा आला. बावीस कॅरेटची बऱ्यापैकी जाड अंगठी धरली तर तिचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स, माझ्या हिशेबाने वीस-पंचवीस मायक्रोसेकंद आला. पंधरा मायक्रोसेकंद थांबलं तरी अंगठी अजून चांगली बोलत असते. चेनचं तसं नाही. चेन म्हणजे एक लांब वस्तू नाहीच, ती शेकडो बारीक कड्यांची रांग आहे. एक कडी दुसरीला नुसती टेकलेली असते, तिथून करंट नीट जात नाही. प्रत्येक कडी आपापल्यापुरती. दोन मिलिमीटरच्या कडीचा टाइम कॉन्स्टंट आला अर्धा-पाऊण मायक्रोसेकंद. डिले १० वरून १५ केल्यावर मिठाचा गोंगाट पावणेतीन पट कमी होतो, आणि कडीचा सिग्नल काही हजार पटींनी. मिठाबरोबर मी चेनही पुसून टाकली होती. दोन ओहोट्या मी जे शोधत फिरत होतो ते दिसूच नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

मग नवी कॉइल. २० सेंटिमीटर व्यास, २६ वेढे, इंडक्टन्स साधारण ३०० मायक्रोहेन्री. इनॅमलची तार गच्च गुंडाळली की वेढ्यांमधली कपॅसिटन्स वाढते आणि कॉइल स्वतःच उशिरा शांत होते, मग लवकर ऐकणार कसं? म्हणून पीव्हीसी कव्हरची बारीक वायर घेतली, तिच्यात वेढे आपोआप अंतरावर राहतात. वरून ॲल्युमिनियम फॉइलचं शील्ड, कारण ओली वाळू कॉइलशी कपॅसिटरसारखीही वागते. शील्डचा गोल पूर्ण जोडायचा नाही, बोटभर फट ठेवायची. नाहीतर तोच एक शॉर्ट झालेला वेढा होतो. आमच्या एका पार्टनरने उत्साहाने तो पूर्ण गुंडाळला आणि अर्धी रात्र आम्ही बिचाऱ्या मॉसफेटला शिव्या देत बसलो. पोकळी ॲराल्डाइटने भरली. पोकळ कॉइल पाण्यात तरंगते आणि लाटेबरोबर हातातून निघून जाते. केबल दांड्याला टेपने घट्ट बांधली, कारण हलणारी केबलसुद्धा बीप देते.

डिपार्टमेंटमध्ये एक जुना सिंगल फ्रिक्वेन्सी व्हीएलएफ डिटेक्टर पडून होता, तोही सरांच्या परवानगीने बरोबर घेतला. त्याची कॉइल कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. मालगुंडला तो चाललाच नाही, आणि त्याचं कारण शिकण्यासारखं आहे. रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर वाळूत काळे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून आलेलं मॅग्नेटाइट असतं. काळ्या वाळूचा सिग्नल एका फेजचा आणि मिठाचा वेगळ्या फेजचा. ग्राउंड बॅलन्सचा नॉब एकच. काळी वाळू शून्यावर आणली की मीठ डोकं वर काढतं, मीठ दाबलं की काळी वाळू. दोन डी पाठीला पाठ लावून ठेवलेली डीडी कॉइल असती तर बरं झालं असतं. तिची नजर मधल्या पट्टीपुरतीच असते, त्यामुळे एका वेळी कमी वाळू दिसते. मिठासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं निघाली आहेत. मायनलॅबची एक्सकॅलिबर १.५ ते २५.५ किलोहर्ट्झमध्ये १७ फ्रिक्वेन्सी पाठवते. पण तीसुद्धा मीठ वजा करताना मिठासारखं दिसणारं बारीक सोनं थोडंफार वजा करतातच. पीआयला काळ्या वाळूचा फारसा त्रास होत नाही, हा आमचा फायदा. गंमत म्हणजे जड म्हणून काळी वाळू जिथे साठते, तिथेच सोनंही जाऊन बसतं!

पुन्हा गेलो ते बरोबर पंधरा दिवसांनी. मामा म्हणाला होता, "भांगाला येऊ नकोस, पाणी लांब जात नाही. अमावास्येच्या उधाणाला ये." सकाळी ओहोटीला डिले १० वर ठेवला आणि कॉइल वाळूवर जवळजवळ टेकवून, एकाच उंचीवर, अगदी सावकाश फिरवली. मीठ कुरकुरत होतं, पण बोंबलत नव्हतं. तासाभराने एक स्वच्छ, गोल बीप आला. छोट्यासकट सगळे धावले. पाच इंच खणल्यावर अंगठी निघाली. सोन्याची, जाड, आतून अक्षरं कोरलेली. आमच्यातली कोणाचीच नव्हती.

चेन नाही मिळाली. भरती लागेपर्यंत फिरलो, दुसऱ्या दिवशीही फिरलो.

जाण्याआधी मी वहिनींची दुसरी तशीच बारीक चेन मागून घेतली, तिला नायलॉनचा दोरा बांधला आणि ओल्या वाळूत पुरून टेस्ट केली. मामीची अंगठी लहान कॉइलला १५ मायक्रोसेकंदांवरही वीतभर खालून कळत होती. चेन १० मायक्रोसेकंदांवर दोन बोटं खाली गेली की गायब. आणि दोन बोटांवरही कळत होता तो तिचा फासा, कड्या नव्हेतच. गोळा करून ठेवली काय, लांब पसरली काय, फरक नाही. मोठी कॉइल लावून डिले १५ केला तर चेन वाळूवर उघडी ठेवली तरी आवाज नाही.

वहिनी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे भाऊजी, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ती तिथेच असेल, आणि तुम्ही वरून गेला असाल?"

मी म्हटलं, "असेल."

त्या काही बोलल्या नाहीत. चहा करायला आत गेल्या.

म्हणून कोणी तुम्हाला दागिना शोधायला बोलावलं तर आधी विचारा, काय हरवलंय. बंद गोल अंगठी, बांगडी, चांदीचं जाड कडं सहज मिळतं, कुठलीही बरी कॉइल चालेल. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, ते यंत्राला दिसतच नाहीत, पण दोन वाट्या पत्र्याच्या असल्याने बऱ्यापैकी बोलतात. म्हणजे शोधायच्या असतात त्या वाट्या. जोडवी चांदीची असली तरी बहुधा उघड्या वेढ्याची, गोल पूर्ण होत नाही म्हणून अंगठीपेक्षा सिग्नल कमी. मधोमध कापलेल्या अंगठीचंही तेच. मोत्याची नथ म्हणजे बारीक तार आणि मोती, तिचा नाद सोडा. आणि बारीक चेन असेल तर लहान कॉइल, कमीत कमी डिले आणि शक्यतो त्याच दिवशी, ती वाळूत खोल जायच्या आत. पाण्याच्या रेषेच्या वर कोरड्यात पडली असेल तर जास्त फ्रिक्वेन्सीचा व्हीएलएफ आणि लहान कॉइल हे पीआयपेक्षा चांगलं.

ती अंगठी मामाने पोलीस ठाण्यात जमा केली. सापडलेली वस्तू आपली होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. आणि जुनी, पुरून ठेवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू निघाली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. हॉस्टेलमागे खजिना शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अंगठीवरच्या अक्षरांवरून मालक मिळाला का ते मामाला अजून कळलेलं नाही.

दोन्ही कॉइल आता माझ्या रूममध्ये खिळ्याला टांगल्या आहेत. ज्युनिअर्सपैकी कोणाला हा प्रोजेक्ट पुढे न्यायचा असेल तर खुशाल घेऊन जा. डिले ७-८ मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आणता येतो का बघायचं राहिलंय. डॅम्पिंग रेझिस्टर आणि पहिला ऑप-अम्प दोन्ही बदलावे लागतील. लहान कॉइलचा कनेक्टर खाऱ्या पाण्याने गंजलाय, तो आधी बदला. आणि उन्हाळ्यात कोणी मालगुंडला येणार असेल तर सांगा, जागा मी दाखवीन.