*शनिवारचा सल्ला : नदीकाठावरून शिंगाळ्यासाठी गळाची बांधणी* 🐟



रब्बीची पेरणी उरकली की नदीकाठचे बरेच सभासद संध्याकाळी गळ घेऊन बसतात. "मासा लागतो पण तंगूस तुटतो" आणि "शिसं दगडात अडकून जातं" या दोन तक्रारी नेहमीच्या. बहुतेक वेळा चूक बांधणीत असते. म्हणून आज पिकाऐवजी गळाविषयी.

*मासा कसा खातो?*
शिंगाळा (काही भागात शिंगटा), मांगूर हे बिनखवल्याचे, मिशांचे मासे. तळाशी फिरतात. गढूळ पाण्यात आणि अंधारात मिशांनी, वासाने खाणं शोधतात. त्यामुळे आमिष तळाला टेकलेलं आणि वासाचं पाहिजे. गांडुळांचा झुपका, कोंबडीची आतडी किंवा काळीज, छोटी मासळी चालते. दिवस मावळताना आणि रात्री खाणं जास्त. जागा निवडताना डोहाची कड, वळणाची खोल बाजू, ओढा मिळतो ते तोंड बघा.

*सामान*
▪️ तंगूस ०.४० ते ०.४५ मि.मी.
▪️ आरपार भोकाचं शिसं : संथ डोहात २० ते ३० ग्रॅम, ओढीच्या पाण्यात ५० ते ६० ग्रॅम
▪️ प्लास्टिकचा मणी, स्विव्हल (फिरती कडी)
▪️ गळ १/० ते ३/० नंबर. नखावर टोक घासून बघा. घसरलं तर बोथट आहे, कानसीने धार लावा.

*बांधणी*
१) मुख्य तंगूस शिशातून ओवा. शिसं मोकळं सरकलं पाहिजे.
२) त्याच्या पुढे मणी ओवा. शिसं गाठीवर आपटत नाही.
३) टोकाला स्विव्हल बांधा.
४) स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दीड-दोन विती तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ.

मासा आमिष तोंडात धरून चालू लागला की तंगूस शिशातून सरकतो. माशाला वजन जाणवत नाही, तो आमिष सोडत नाही. शिसं घट्ट बांधलं तर हा फायदा जातो.

*दगडाळ तळ असेल तर* शिसं थेट ओवू नका. मुख्य तंगसावर एक मोकळी कडी ओवा, तिला वीतभर बारीक तंगसाने (०.२५ मि.मी.) शिसं बांधा. अडकलं तर बारीक तंगूस तुटतो, गळ आणि मासा राहतो. इथे शिशाऐवजी भंगारातला नटही चालतो.

*गाठ*
तंगूस कडीतून काढा, मूळ तंगसाभोवती ५-६ वेढे द्या, टोक कडीजवळच्या फटीतून घालून मग मोठ्या फासातून परत काढा. *ओढण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा.* कोरडी ओढली तर घासून गरम होते आणि तंगूस तिथेच कमजोर पडतो. "लागलेला मासा तुटला" याचं कारण बऱ्याचदा हेच. टोक २-३ मि.मी. ठेवून कापा, हिसका देऊन तपासा.

रीळ असेल तर ब्रेक इतका सैल ठेवा की जोराने ओढल्यावर तंगूस सुटत राहील. हातदोरी असेल तर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा. *बोटाला किंवा मनगटाला वेढे कधीच देऊ नका.*

⚠️ *जिवाशी खेळ नको*
▪️ *कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.* वरून तारा गेल्या असतील तिथे रॉड उभा करू नका, फेकूही नका. काठावरच्या मोटारींच्या केबलपासून लांब बसा.
▪️ धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल, पाणी अचानक गढूळ होऊन चढू लागलं, तर सामान सोडा आणि वर या.
▪️ शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटा असतो. काट्यांच्या मागून घट्ट धरा. काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, म्हणजे भाजणार नाही. मग दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

⚠️ *नदी आपलीच आहे*
▪️ विष किंवा स्फोटक वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. मोटारीचा करंट सोडणं म्हणजे माणसाचा जीव घेणं. कीटकनाशकाचा पंप, डबे नदीत धुऊ नका. तेच पाणी आपली जनावरं पितात.
▪️ तुटलेला तंगूस आणि गळ काठावर टाकू नका. चाऱ्यातून गाई-म्हशीच्या पोटात जातो, खुरात घुसतो. गोळा करून घरी न्या.
▪️ तलावात किंवा धरणात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी विचारा.
▪️ पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यांनी भरलेली मादी लागली तर सोडून द्या. पुढच्या वर्षीचं बियाणं आहे ते.

गाठ जमत नसेल तर याच नंबरवर फोटो किंवा व्हॉइस मेसेज टाका. शेजारच्या सभासदांनाही पाठवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी