जुन्या संगणकाचा नवा नियामक

१९८०च्या दशकात भारतात परवान्याने तयार झालेला ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक घरच्या टीव्हीला जोडून वापरला जाई. त्याला बाहेरून ९ व्होल्ट मिळतात. आतील ७८०५ हा नियामक त्यांचे ५ व्होल्ट करतो. उरलेल्या ४ व्होल्टचे काय होते? प्रवाह ०.८ अँपिअर धरल्यास ४ × ०.८, म्हणजे ३.२ वॅट केवळ उष्णतेत जातात. भूगावी आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम हाच हिशेब मांडावयास सांगतो.

त्याऐवजी आपण स्विचिंग नियामक बांधू. तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वेटोळे व कपॅसिटर तो सलग करतात. कार्यक्षमता ९० टक्के असल्यास उष्णता अर्ध्या वॅटहून कमी होते. तीन पायांचा क्रम मात्र मूळचाच हवा : प्रवेश, भूमी, निर्गम.

बसवण्यापूर्वी ६.८ ओहमचा, १० वॅटचा रोध जोडून तो तासभर चालवावा, व्होल्टता ४.७५ ते ५.२५ यांमध्येच राहिली पाहिजे. बिघडलेला नियामक ९ व्होल्ट थेट पुढे सोडू शकतो, आणि मूळ यूएलए चिप आता कारखान्यात तयार होत नाही. जे पुन्हा मिळणार नाही, त्याआधी स्वस्त रोधावर परीक्षा घ्यावी, हेच या पाठाचे सार.