हरवलेला कम्पेअर
(तृतीय वर्ष, वाणिज्य)

एडिटर म्हटले की प्रथम या अंकाचे संपादक डोळ्यांपुढे येतात. पण त्यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस माझ्यात नाही. हा लेख संगणकावरच्या एडिटरविषयी आहे. प्रोग्रॅमर मंडळी ज्यात आपले प्रोग्रॅम लिहितात ते हे साधन. वाणिज्य शाखेच्या मुलीला त्याचे काय काम, असे कुणी विचारील. माझी आणि त्याची गाठ जीएसटीने घालून दिली.

कॉलेज सुटल्यावर मी एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम शिकायला जाते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होते. आमच्या दुकानदाराला माल विकणाऱ्यांनी सरकारला कळवलेल्या बिलांची ती यादी असते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला २० तारखेपर्यंत ३बी भरावे लागते, आणि खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट २बीमध्ये दिसणाऱ्या बिलांपुरतेच घेता येते. म्हणजे मधल्या सहा दिवसांत दुकानदाराची खरेदी-नोंद आणि २बी ओळीला ओळ लावून पाहायची. पूर्वी आमच्याकडे एकाने वाचायचे व दुसऱ्याने तांबड्या पेन्सिलीने खूण करायची, अशी रीत होती. आता बेळगावचा व्यापार कसा, तर माल कोल्हापूरचा असेल तर विक्रेत्याचा क्रमांक २७ने सुरू होतो, हुबळीचा असेल तर २९ने, गोव्याचा ३०ने. आणि क्रमांक पंधरा अक्षरांचा! शंभर ओळी वाचून होईतो जीभ कोरडी पडते.

यावर मला नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर सापडला. डॉन हो यांनी तो २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला. तो फुकट मिळतो. दोन्ही याद्या एक्सेलमधून साध्या मजकुराच्या फाइलीत काढायच्या, एडिटरमध्ये उघडून ओळी क्रमवार लावायच्या, आणि 'कम्पेअर'ची आज्ञा द्यायची. दोन्ही याद्या शेजारी शेजारी येतात आणि न जुळणाऱ्या ओळी तेवढ्या रंगीत दिसतात. कार्यालयातले वडीलधारे कारकून काका माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले ते तेव्हापासून.

एका महिन्याच्या १९ तारखेला दुपारी मला दुर्बुद्धी सुचली. आमचा एडिटर फार जुना होता, ७.४ आवृत्तीचा. मी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि जुनी तशीच ठेवून नवी बसवली. नवा एडिटर उघडला. दिसायला झकास. पण प्लगइन्सच्या यादीत कम्पेअर नव्हते. आणि घड्याळात चार वाजले होते.

पहिला तास मी जे केले ते बहुतेक सगळेच करतात: एडिटर पुन्हा बसवला, संगणक बंद करून चालू केला, पुन्हा बसवला. ताळेबंद जुळला नाही म्हणून सगळी खतावणी नव्याने उतरवून काढण्यासारखेच हे! तीच चूक तिथेच पुन्हा उतरते.

मग शांतपणे विचार केला. हरवलेली वस्तू मुळात कोणाची होती? कम्पेअर हे एडिटरचे अंग नव्हतेच. ते प्लगइन होते, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहिलेले आणि एडिटरच्या घरात भाड्याने राहणारे. घरमालकाने नवे घर बांधले म्हणून भाडेकरू आपोआप तिकडे जात नाही. जुन्या घरात तो अजून असणार, असे धरून मी जुन्या फोल्डरमधली कम्पेअर-प्लगइन नावाची डीएलएल फाइल उचलून नव्या एडिटरच्या प्लगइन्स फोल्डरात ठेवली. काही झाले नाही. चूक झाल्याचा निरोपदेखील आला नाही. असा मुका दोष सर्वांत वाईट. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

कारण नंतर समजले. जुन्या आवृत्त्यांत सर्व प्लगइने एकाच फोल्डरात मोकळी पडलेली असत. २०१८ साली आलेल्या ७.६ आवृत्तीपासून प्रत्येकाला स्वतःची खोली लागते: प्लगइन्स फोल्डरात डीएलएलच्याच नावाचा फोल्डर, आणि त्यात ती डीएलएल. मोकळ्या पडलेल्या फाइलीकडे नवा एडिटर ढुंकूनही पाहत नाही. त्यातून ७.६च्या पाठोपाठच्या आवृत्त्यांत ही जागा दोन-तीनदा हलवली गेली. म्हणून या विषयावरची जुनी उत्तरे वाचावीत तर एक दुसऱ्याला खोटे पाडते, आणि आपापल्या आवृत्तीपुरती दोन्ही खरी असतात.

मी तशी खोली केली. या वेळी एडिटर बोलला: ३२-बिट प्लगइन चालवता येत नाही, काढून टाकू का? मला इतका आनंद झाला की काकांनी वर पाहिले. काम झाले नव्हते. पण मुका दोष बोलू लागला होता. प्रश्नचिन्हाच्या मेनूत 'डीबग इन्फो' म्हणून एक कलम असते, त्यात आवृत्ती, बिट आणि चालू प्लगइनांची नावे एकत्र मिळतात. तिथे स्वच्छ लिहिले होते, ६४-बिट. ही ओळ मी चार वाजताच वाचायला हवी होती.

३२ आणि ६४चा हा भेद आजोबांच्या वहीवरून चांगला समजतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधीच्या वहीत रुपये, आणे, पै असे तीन रकाने. १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया. त्या वहीचे पान उचलून रुपये-पैशांच्या नव्या वहीत शिवले तर? आकडे खरे, अक्षर सुवाच्य, आणि बेरीज साफ खोटी. पानात दोष नाही, रकाने निराळे आहेत. ३२-बिट डीएलएल आणि ६४-बिट एडिटर यांचे नेमके असेच आहे. नोटपॅड प्लस प्लसची ६४-बिट आवृत्ती २०१६पासून मिळते. तिला तिच्याच रकान्यांतली प्लगइने लागतात.

एवढे ज्ञान होईतो साडेसात झाले होते. दुसऱ्या दिवशी विवरणपत्र भरायचे, आणि यादी जुळलेली नाही. मी रडकुंडीला आले. तेव्हा काकांनी चष्मा पुसत विचारले, "हळेद् एल्लि ऐति?" म्हणजे, जुने कुठे आहे?

जुने जागेवरच होते! ज्या फोल्डरातून मी डीएलएल उचलली होती, तिथेच जुना एडिटर शाबूत होता. नवा बंद केला, जुना उघडला, आणि पाऊण तासात काम संपले. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याची सात बिले २बीत नव्हती. त्यांचे क्रेडिट घेतले असते तर पुढे ते व्याजासह परत करायची वेळ दुकानदारावर आली असती. साहेबांनी त्याच रात्री विक्रेत्याला फोन लावला. माझ्या तीन तासांचा हिशेब कुणी मागितला नाही, हे त्यांचे मोठेपण.

खरा उपाय पुढल्या आठवड्यात निवांतपणे केला. जुन्या आवृत्तीत प्लगइने आणून देणारा एक 'प्लगइन मॅनेजर' असे. त्याच्या चौकटीत जाहिरात येते म्हणून २०१७ साली ७.५ आवृत्तीतून तो काढण्यात आला, ७.६पासून एडिटरचा स्वतःचा 'प्लगइन्स ॲडमिन' आला. त्यात कम्पेअर शोधायचे, चौकोनात खूण करायची, इन्स्टॉल म्हणायचे. संगणक परवानगी मागतो, एडिटर स्वतः बंद होऊन उघडतो. दोन मिनिटे!

तरी पहिल्याच चाचणीत सगळ्या ओळी रंगल्या. दोन्ही याद्या अक्षरशः सारख्या दिसत असताना? एका यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा होती. मोकळ्या जागा सोडून द्या, असे मी जुन्या कम्पेअरला कधी तरी सांगून ठेवले होते आणि विसरले होते. नव्याला ते पुन्हा सांगावे लागले.

जाता जाता एक गोष्ट. या एडिटरचे मेनू मराठीतही करता येतात आणि कानडीतही. मी हौसेने मराठी केले. पण कुणाला अडचण विचारायची असली की तेवढ्यापुरते इंग्रजी करते, नाही तर सांगणाऱ्याला नावे लागत नाहीत.

आता संगणकाच्या टेबलाच्या खणात एक कागद असतो: आवृत्ती, बिट, प्लगइनांची नावे आणि त्यांत बदललेल्या गोष्टी. नवे काही बसवायचे ते २१ तारखेनंतर, आणि पुढची २० तारीख पार पडेपर्यंत जुने काढायचे नाही, असे त्यावर साहेबांच्या अक्षरात लिहिले आहे. काकांच्या सांगण्यावरून मी त्याची कानडी प्रतही केली. तीत त्यांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चार चुका तांबड्या पेन्सिलीने काढल्या.