रात्रपाळीचा एकटा नोकर

अमेरिकेत दूध, पाव, अंडी यांसारख्या नित्याच्या वस्तू अवेळीही मिळाव्यात म्हणून जी छोटी दुकाने निघाली, त्यांचा आरंभ १९२७ साली डल्लास शहरी बर्फ विकणाऱ्या एका कंपनीने केला, असे मानतात. १९४६ साली तिची दुकाने सकाळी ७ ते रात्री ११ उघडी राहू लागली व त्यावरून त्यांस 'सेव्हन-इलेव्हन' हे नाव मिळाले. पुढे अशी अनेक दुकाने रात्रभर चालू लागली. गिऱ्हाइकाची सोय झाली. परंतु गल्ल्यामागे उभ्या असलेल्या नोकराचे काय?

कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेचा विचार करताना तेथील एका सरकारी संशोधनसंस्थेने १९९६ साली धोका वाढविणाऱ्या गोष्टी मांडल्या. लोकांशी थेट संबंध, पैशांची देवघेव, एकट्याने काम व रात्रीची वेळ या त्यांतील प्रमुख होत. रात्रीच्या दुकानात या चारही एकत्र येतात. म्हणजेच येथील जबरी चोरीचा प्रश्न नोकराच्या धैर्याचा नसून दुकानाच्या व्यवस्थेचा आहे.

फ्लॉरिडा राज्याने १९९२ साली केलेल्या कायद्यात हीच दृष्टी दिसते. गल्ल्यात थोडीच रोकड ठेवावी व ५० डॉलर किंवा त्याहून कमीच रक्कम आहे अशी पाटी दाराशी लावावी; बाकीचे पैसे तिजोरीत टाकावे; काचेतून बाहेरच्याला गल्ला स्पष्ट दिसावा; आवारात उजेड व दुकानात कॅमेरा असावा. लुटारूला लाभ कमी व पकडले जाण्याची भीती अधिक, हे यामागील तत्त्व होय.

खरा वाद दुसऱ्या नोकराविषयी झाला. त्याच राज्यातील गेन्सव्हिल शहराने १९८७ पासून रात्री दोन नोकर ठेवण्याची सक्ती केली. चोऱ्या घटल्या; पण त्याचे श्रेय या नियमाला द्यावे की नाही, यावर दुकानदारांच्या बाजूने आक्षेप आले. दुसरा नोकर म्हणजे दुसरा पगार, हे येथे विसरता येत नाही. राज्याच्या कायद्याने तर दुसरा नोकर, पहारेकरी किंवा गोळीरोधक काच यांपैकी एखादा उपाय त्याच दुकानांवर बंधनकारक केला, जेथे गंभीर गुन्हा आधीच घडला आहे. पहिल्या नोकराने मार खाल्ल्यावर पुढच्याला संरक्षण, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रातही २०१७ च्या कायद्याने बहुतेक दुकानांना रात्रभर उघडे राहण्याची मुभा दिली आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाही. रात्री दोन वाजता आपल्याला पाव मिळावा, ही अपेक्षा गैर नव्हे. परंतु तो देणारा मनुष्य सकाळी सुखरूप घरी पोहोचावा, ही जबाबदारीही त्या सोयीचाच भाग मानली पाहिजे.