आईचे दूध आणि आईचा हक्क

सूरह अल-बकराची २३३वी आयत आपण बहुधा बाळाच्या हक्काची आयत म्हणून वाचतो. स्तनपानाची मुदत पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी तीत पूर्ण दोन वर्षे सांगितली आहेत. त्याच आयतीत मातेचाही हक्क आहे: तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर आहे आणि बाळापायी मातेला हानी पोहोचता कामा नये.

स्तनपानाचा लाभ मातेलाही होतो. २००२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्व अपत्यांचे मिळून स्तनपानाचे जितके महिने भरतात, त्यांतील दर बारा महिन्यांमागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले.

मात्र धोका घटतो, संपत नाही. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो. स्तनात गाठ लागली की घरात ‘दुधाची गाठ असेल’ असे म्हटले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. अशी गाठ पाजल्याने काही दिवसांत विरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही गाठ राहिली, त्वचेला खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीसाठी पाजणे थांबवावे लागत नाही.

येथे हया आड येते. हया ईमानाचा भाग आहे, पण औषधोपचार करण्याची शिकवणही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. स्त्री-डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडे जावे. न मिळाल्यास पती किंवा महरम सोबत असताना, गरजेपुरती तपासणी पुरुष-डॉक्टरांकडून करून घेण्यास शरीअत मुभा देते.

निदान कर्करोगाचेच झाले आणि केमोथेरपी सुरू झाली, तर स्तनपान थांबवावे लागते. त्या वेळी मातेने स्वतःला अपराधी मानू नये, घरच्यांनीही तिला बोल लावू नये. परस्परसंमतीने व विचारविनिमयाने दूध तोडण्यात किंवा दुसऱ्या स्त्रीकडून पाजून घेण्यात गुन्हा नाही, हे तीच आयत सांगते. स्वतः प्रेषितांना (स.) हलीमा सादिया (र.) यांनी दूध पाजले होते. दुसरीचे दूध पाजल्यास रजाअतचे नाते जुळते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पतींनो, सासू-सासऱ्यांनो, बाळाचे दूध विचारताना त्याच्या आईची प्रकृतीही विचारा. तिने गाठ असल्याचे सांगितले, तर तपासणीला तिच्यासोबत जा. अल्लाह सर्व मातांना आरोग्य देवो. आमीन.