थ्री नॉट थ्रीची खरी किंमत किती?

शीर्षक वाचून दचकू नका. हा लेख बंदूक चालवण्याबद्दल नाही आणि एनसीसीच्या कॅम्पबद्दलही नाही. हा लेख आहे भावाबद्दल. लिलावात वस्तूची किंमत का फुगते हे समजून घ्यायचं असेल, तर अमेरिकेतला जुन्या लष्करी रायफलींचा बाजार हे फार बोलकं उदाहरण आहे.

थोडी पार्श्वभूमी पाहू. महायुद्धांच्या काळातल्या रायफली जमवणं हा अमेरिकेत मोठा छंद आहे. १९९९ मध्ये ईबेने बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी गनब्रोकर ही लिलावाची साइट सुरू झाली. त्यामुळे गावोगावच्या प्रदर्शनांतला सौदा हळूहळू कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला.

आता रशियाची मोसिन-नागां ही रायफल घ्या. डिझाइन १८९१ चं, आणि सगळे प्रकार धरून सुमारे ३ कोटी ७० लाख नग बनले. सोव्हिएत संघ फुटल्यावर गोदामांतला माल खोकी भरभरून अमेरिकेत आला. २००० च्या दशकात ही रायफल शंभर डॉलरच्या आत मिळायची. पुढे गोदामं रिकामी होत गेली, २०१४ नंतर रशियन शस्त्र उद्योगावर निर्बंध आले, २०२० मध्ये कोरोनाकाळात अमेरिकेत एकूणच बंदुकांची मागणी प्रचंड वाढली. आज त्याच रायफलीला काहीशे डॉलर मोजावे लागतात. त्यात सिनेमा आणि गेम्सची भर. २००१ च्या ‘एनिमी ॲट द गेट्स’मधला स्नायपर पाहून किंवा हॉस्टेलवर आपण रात्र-रात्र खेळलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’मुळे कितीतरी नवे ग्राहक तयार झाले.

पण इथे एक फरक नीट लक्षात घ्या. वाढलेला भाव वेगळा आणि फुगलेला भाव वेगळा. पुरवठा आटला म्हणून जो चढतो तो वाढलेला. फुगलेला भाव मात्र लिलावाच्या रचनेतूनच येतो. कसा, ते गणिताने पाहू.

समजा एका रायफलीची खरी किंमत ४०० डॉलर आहे. फोटो पाहून प्रत्येकजण आपापला अंदाज बांधतो आणि हे अंदाज ३०० ते ५०० च्या मध्ये सारखे विखुरलेले आहेत. म्हणजे सरासरी अंदाज अगदी बरोबर! प्रत्येकजण आपल्या अंदाजापर्यंत बोली लावतो. सर्वांत मोठ्या अंदाजवाल्याला रायफल मिळते आणि तो साधारण दुसऱ्या क्रमांकाच्या अंदाजाएवढी रक्कम भरतो. बोली लावणारे ३ असतील तर ही रक्कम सरासरीने ४०० येते. ठीक आहे. पण ९ जण असतील तर ४६० आणि १९ जण असतील तर ४८०! रायफल तीच, फोटो तेच, फक्त गर्दी वाढली. म्हणजे जिंकला तो बहुधा सर्वांत जास्त चुकलेला माणूस.

यालाच ‘विनर्स कर्स’, म्हणजे विजेत्याला लागलेला शाप म्हणतात. गंमत म्हणजे हा शोध अर्थशास्त्रज्ञांचा नाही, आपल्याच जातकुळीचा आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अमेरिकन तेल कंपनीतल्या तिघांनी तो १९७१ मध्ये मांडला. लिलावांच्या सिद्धांतावर पुढे काम करणाऱ्या मिलग्रॉम आणि विल्सन यांना २०२० चं नोबेल मिळालं.

फुगवटा आणखी तीन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे मागितलेल्या किमतीला बाजारभाव समजणं. कोणी साध्या रायफलीला हजार डॉलर मागितले की शेजारचा म्हणतो, “माझीही हजाराचीच.” प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने तशीच पडून असते. बघायचा तो विकला गेलेला भाव. दुसरी वाट म्हणजे विकणाऱ्याच्याच माणसाने खोटी बोली लावून आकडा चढवणं. आणि तिसरी म्हणजे गोष्ट. साध्या मोसिनवर दुर्बीण बसवून ती ‘स्नायपर’ म्हणून विकली जाते, जर्मन माऊझरवर नवे शिक्के मारले जातात. तिथल्या जुन्या संग्राहकांचा सल्ला असतो, रायफल विकत घ्या, गोष्ट नको.

या बाजारात आपला भारतही आहे बरं का! बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड बनायची, तीच आपली थ्री नॉट थ्री. १९६० च्या दशकात तिथेच ७.६२ मिमी काडतुसाची नवी आवृत्ती निघाली. पुष्कळ विक्रेते तिला ‘जुन्या थ्री नॉट थ्रीचं रूपांतर’ म्हणतात. ते चूक आहे, ती चांगल्या पोलादातून नव्याने बनवलेली होती. उलट अमेरिकन व्यापाऱ्यांनी तिकडे कापून आखूड केलेल्या रायफली ‘जंगल कार्बाइन’ या रुबाबदार नावाने फिरतात. भारतीय सैन्याशी त्या आखूड रूपाचा काहीच संबंध नाही.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती, समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. एकाच्या हातात ती अपुरी पडते आणि दुसऱ्याच्या भिंतीवर ती शोभेची वस्तू होते. किंमत लोखंडात नसते, घेणाऱ्याच्या गरजेत असते, हे याहून कडू शब्दांत कोण सांगणार?

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, तेव्हा हे लिलाव आपल्यासाठी नाहीत. पण जुना लॅपटॉप, कॅमेरा किंवा बुलेट घेताना नियम तेच. आधी विकले गेलेले भाव बघा. वाहतूक, दलाली, दुरुस्ती वजा करा. आपला आकडा कागदावर लिहा. गिऱ्हाईकं जास्त दिसली तर तो वाढवू नका, उलट थोडा कमी करा. आणि शेवटच्या पाच मिनिटांत हाताला खाज सुटली तर सरळ कँटीनला जाऊन चहा प्या.

लिलाव हरलात तर वस्तू जाते, पैसे खिशातच राहतात. जिंकलात, तर मात्र एकदा विचारा, बाकीचे सगळे का थांबले?