संकेतस्थळाचे नामकरण : वैद्य व फार्मसीचालकांसाठी काही कसोट्या

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवजात बालकाच्या नामकरणाचा विधी सांगितला आहे. दहाव्या दिवशी बालकाला नाक्षत्रिक व आभिप्रायिक अशी दोन नावे द्यावीत, असे तेथे म्हटले आहे. नाक्षत्रिक नावाची अक्षरसंख्या दोन किंवा चार असावी आणि आभिप्रायिक नावाच्या आरंभी व अंती कोणते वर्ण असावेत, इतका सूक्ष्म विचार त्यात आढळतो. नावाचा उच्चार व नावाची लांबी या गोष्टी आपल्या शास्त्राने गौण मानल्या नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

चिकित्सालयाचे किंवा फार्मसीचे संकेतस्थळ सुरू करताना मात्र नावाचा निर्णय बहुधा शेवटच्या क्षणी होतो आणि पुष्कळदा तो संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या तंत्रज्ञावर सोपवला जातो. छायाचित्रे व रंगसंगती केव्हाही बदलता येतात. नाव एकदा पाटीवर, केसपेपरवर आणि औषधाच्या वेष्टनावर छापले गेले की ते बदलणे अतिशय कष्टाचे असते. म्हणून नाव निवडताना लावावयाच्या पाच कसोट्या प्रस्तुत लेखात क्रमाने मांडल्या आहेत.

डोमेननाव म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. हे आकडे माणसाच्या लक्षात राहणे कठीण, म्हणून 1983 मध्ये नावांवरून आकडे शोधून देणारी व्यवस्था तयार करण्यात आली. या व्यवस्थेत आपण जे नाव नोंदवतो ते डोमेननाव. त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन यांसारखा प्रत्यय असतो. रोमन लिपीतील नावात अक्षरे, अंक व आडवी रेघ एवढीच चिन्हे चालतात. लहान-मोठ्या लिपीचा भेद नसतो. आणि प्रत्ययापूर्वीच्या भागाची कमाल मर्यादा 63 चिन्हांची आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 'नाव विकत घेतले' असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तो भाडेपट्टा असतो. नोंदणी किमान 1 वर्षाची व एका वेळी कमाल 10 वर्षांची होते आणि मुदतीपूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते. तसेच नाव, संकेतस्थळ ठेवण्याची जागा आणि त्यावरील मजकूर या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. जागा व मजकूर बदलूनही नाव कायम ठेवता येते. मात्र ते आपल्याच ताब्यात असावे लागते.

पहिली कसोटी : ऐकून लिहिता येते काय?

आपले रुग्ण नाव वाचण्यापेक्षा ऐकतात अधिक. औषध देताना कंपाउंडर ते सांगतो, एक रुग्ण दुसऱ्याला फोनवर सांगतो. ऐकणाऱ्याने ते रोमन लिपीत अचूक लिहिले तरच तो आपल्या दाराशी पोहोचतो. मराठी व संस्कृत शब्दांच्या बाबतीत अडचण नेमकी येथेच आहे. 'आयुर्वेद' या शब्दाच्या शेवटी कोणी 'ए' लिहितो, कोणी लिहीत नाही. 'व' साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', याबद्दल एकवाक्यता नाही. 'ज्ञ' साठी मराठी माणूस 'डी-एन-वाय' लिहितो, हिंदी भाषक 'जी-वाय' लिहितो, तर संस्कृतचा अभ्यासक 'जे-एन' लिहितो. 'औषधालय' शब्दाचा आरंभ 'ए-यू' ने करावा की 'ओ-यू' ने, यावर एकाच घरात मतभेद होऊ शकतो. 'गुळवेल' मधील 'ळ' ला तर रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही.

दोन शब्द जोडतानाही सावध असावे. 'विश्व' आणि 'आयुर्वेद' जोडले की दोन 'ए' शेजारी येतात आणि त्यांतील एक लिहिणाऱ्याकडून सहज गळतो. 'पंचकर्म' साठी 5 हा अंक वापरणे चतुराईचे वाटते, परंतु ऐकणाऱ्याला तो अंक आहे की शब्द हे कळत नाही. आडव्या रेघेचेही तसेच; ती प्रत्येक वेळी बोलून सांगावी लागते.

यावर साधा उपाय असा. मनात धरलेली तीन नावे दहा जणांना फोनवर एकेकदाच सांगावीत आणि ती रोमन लिपीत लिहून पाठवण्यास सांगावे. या दहांत वृद्ध रुग्ण, महाविद्यालयीन विद्यार्थी, कच्चा माल पुरवणारा व्यापारी असे भिन्न लोक असावेत. जे नाव दहाही जण एकसारखे लिहितील ते उत्तम. ज्यात तिघांची चूक होईल ते कितीही अर्थपूर्ण असले तरी सोडून द्यावे. एखाद्या नावाचे दुसरे लेखन फारच प्रचलित असेल, तर तेही नोंदवून मूळ संकेतस्थळाकडे वळवून घ्यावे.

दुसरी कसोटी : प्रत्यय कोणता?

डॉट कॉम हा प्रत्यय 1985 पासून वापरात आहे व लोकांच्या तोंडी बसला आहे. म्हणूनच त्यातील सोपी नावे फार पूर्वी संपली. भारताचा डॉट इन हा प्रत्यय 2005 मध्ये सर्वांसाठी सुलभपणे खुला झाला. त्याचे व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था करते. ज्यांचे रुग्ण व ग्राहक प्रामुख्याने भारतातील आहेत, त्यांना डॉट इन पूर्णपणे योग्य आहे. परदेशी औषधे पाठवणाऱ्या फार्मसीने डॉट कॉम व डॉट इन ही दोन्ही रूपे एकाच वेळी घेणे हिताचे ठरते. आयुर्वेद महाविद्यालयांसाठी डॉट एसी डॉट इन हा राखीव प्रत्यय असून त्याची नोंदणी एर्नेट इंडियामार्फत होते. डॉट फार्मसी हा प्रत्यय नावावरून आकर्षक वाटतो, परंतु तो अमेरिकेतील औषधविक्री नियामक मंडळांच्या संघटनेच्या अखत्यारीत आहे व पडताळणीनंतरच मिळतो.

देवनागरी नावांचाही विचार करावा. 27 ऑगस्ट 2014 रोजी डॉट भारत हा प्रत्यय देवनागरीत सुरू झाला आणि त्यात मराठीचा समावेश आहे. ज्ञ, ळ यांचा प्रश्न येथे सुटतो. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा व अनुस्वाराचा प्रश्न उरतो. 'चिकित्सा' शब्दातील 'कि' दीर्घ लिहिणारे थोडे नाहीत. शिवाय देवनागरी पत्त्यावरील ई-मेल सर्वच संगणकप्रणाली स्वीकारतात असे नाही. सबब देवनागरी नाव अवश्य घ्यावे, पण रोमन नावाच्या जोडीला घ्यावे.

तिसरी कसोटी : नाव काही आश्वासन देते काय?

व्याधीचे नाव आणि त्याला जोडून 'मुक्ती', 'हमखास', 'क्युअर' असा शब्द, या घडणीची नावे सुचवली जातात. व्याधीचे नाव टाकून शोध घेणारा रुग्ण अशा संकेतस्थळावर चटकन येईल, हा त्यामागील हिशेब असतो. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 या कायद्याच्या अनुसूचीत 54 व्याधी व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, स्थौल्य, मूतखडा, स्त्रियांचे वंध्यत्व ही त्यांतील काही. या व्याधींवरील औषधांची जाहिरात लोकांसाठी करण्यास या कायद्याने मनाई आहे. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. परिपत्रक, लेबल, वेष्टन एवढेच नव्हे, तर प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तिच्यात येते. असे दावा करणारे डोमेननाव आपण औषधाच्या वेष्टनावर छापले, तर ती वेष्टनावरील जाहिरात नव्हे असे म्हणणे अवघड होईल.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न राहतोच. साध्यासाध्यत्व पाहिल्याशिवाय चिकित्सेला हात घालू नये, ही आपली शिकवण. ज्या रुग्णाला आपण अजून पाहिलेही नाही, त्याला बरे होण्याचे वचन पाटीवरूनच देणे तिच्याशी विसंगत आहे.

चौथी कसोटी : नाव दुसऱ्या कोणाचे आहे काय?

संदिग्ध द्रव्यांचा विषय आपणांस परिचित आहे. ब्राह्मी म्हणून कोणी बॅकोपा मोनिएरी घेतो, तर कोणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. नाव तेच, द्रव्य भिन्न. डोमेननावाच्या बाबतीत एक नाव एकाच्याच मालकीचे असते. मात्र एका अक्षराच्या फरकाने दुसरे नाव घेता येते आणि तेथे संदिग्धता उपजते.

सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफ्फीनेट सोल्युशन्स या प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. 'सिफी' या नावात एक 'एफ' अधिक घालून 'सिफ्फी' केलेली डोमेननावे दुसऱ्या पक्षाने नोंदवली होती. डोमेननावाला व्यापारचिन्हाची लक्षणे असू शकतात आणि ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या साधर्म्याविरुद्ध दाद मागता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले व पहिल्या पक्षाच्या बाजूने निर्णय दिला. नाव नोंदवण्यासाठी मोकळे आहे, याचा अर्थ ते वापरणे निर्धोक आहे असा होत नाही.

म्हणून नोंदणीपूर्वी व्यापारचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. औषधांसाठी वर्ग 5 आणि वैद्यकीय सेवांसाठी वर्ग 44 पाहावा. त्रिफळा, अश्वगंधा, च्यवनप्राश यांसारखी शास्त्रोक्त नावे सर्वांची आहेत. तीच केवळ घेतल्यास आपली वेगळी ओळख होत नाही व त्यांवर हक्कही सांगता येत नाही. घराण्याचे नाव, गावाचे नाव किंवा स्वतःचा चिन्हशब्द त्यांना जोडल्यास नाव आपले होते. गावाचे नाव जोडताना पुढील दहा वर्षांत दुसरीकडे शाखा काढण्याचा विचार आहे काय, हेही पाहावे.

पाचवी कसोटी : नाव कोणाच्या ताब्यात आहे?

एका फार्मसीचे उदाहरण कल्पावे. संकेतस्थळ करून देणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले. चार वर्षांनी त्याने व्यवसाय बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिल्या. डॉट कॉमची मुदत टळल्यावर रजिस्ट्रारगणिक कमाल 45 दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर 30 दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते, पुढील 5 दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग ते कोणालाही घेता येते. सोडून दिलेली नावे हेरणारे लोक असतात. ते त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतील किंवा बनावट औषधेही विकतील.

आता या फार्मसीच्या मालाकडे पाहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम 161-ब नुसार चूर्णाची मुदत 2 वर्षे, तर आसव-अरिष्टांची 10 वर्षे आहे. नाव गेले तरी ते छापलेली अरिष्टाची बाटली कोणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षे उभी राहते. मात्रेची शंका आली म्हणून रुग्णाने त्या बाटलीवरील पत्ता उघडावा आणि परक्याच्या दुकानात जाऊन पडावे, यात दोष रुग्णाचा नाही. तो आपल्या लेबलवर विश्वास ठेवून तेथे गेला आहे.

हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

1. नोंदणीधारक म्हणून स्वतःचे किंवा संस्थेचे नाव घालावे आणि खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. तंत्रज्ञाला काम करण्यापुरताच प्रवेश द्यावा.

2. नोंदणीसाठी दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो आणि सूचना पोहोचत नाही.

3. मुदतीची तारीख औषधनिर्मिती परवान्याच्या कागदपत्रांसोबत नोंदवून ठेवावी. वेष्टनावर नाव छापणाऱ्यांनी नोंदणी शक्य तितक्या दीर्घ मुदतीची करावी.

4. पहिल्या वर्षाचे शुल्क अल्प व नूतनीकरणाचे अधिक, असा प्रकार सर्रास असतो. नूतनीकरणाचे शुल्क विचारूनच रजिस्ट्रार निवडावा.

5. ज्यांचे नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्यांनी संबंध चांगले असतानाच ते आपल्या खात्यात वर्ग करून घ्यावे.

वैद्यबंधुभगिनींनो, या पाच कसोट्यांचा क्रम लेखाच्या सोयीसाठी आहे. महत्त्वाने पाचवी पहिली आहे. पुरेसे सुंदर नसलेले नाव चालून जाते, परंतु आपल्या ताब्यात नसलेले नाव कधी दगा देईल हे सांगता येत नाही. हा अंक वाचून झाल्यावर आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे व त्याची मुदत केव्हा संपते, एवढ्या दोन गोष्टी आजच तपासाव्यात, ही विनंती. इति.